पक्की खूण

३ मार्च, मंगळवार

अडुसष्ट सेंटिमीटर. माझं पाऊल आता अडुसष्ट सेंटिमीटरचं उरलंय, असं आज एका मुलीने मला सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती.

एकतीस वर्षं मी जमिनी मोजल्या. आधी साखळीने, मग फितीने, पुढे यंत्राने. यंत्र बंद पडलं की पायांनी मोजायचो, आणि माझं पाऊल शहात्तर सेंटिमीटरचं होतं. शंभर पावलं म्हणजे शहात्तर मीटर, फरक पडला तर वीतभर. ऑफिसातले लोक पैजा लावून हरायचे. त्यातले आठ सेंटिमीटर कुठे गेले?

दातांच्या डॉक्टरकडे भिंतीवर कागद लावलेला होता: साठीनंतर माणसाचं चालणं कसं बदलतं आणि मेंदूच्या आजारांत कसं बदलतं, याचा अभ्यास चाललाय, तुलनेसाठी निरोगी माणसं हवी आहेत. मी निरोगी आहे. गेलो. इस्पितळाच्या तळघरात एक लांबच लांब खोली. जमिनीवर आठ मीटरची करडी पट्टी, तिच्या पोटात पावलाचा दाब ओळखणारे बारीक ठिपके. कमरेला काडेपेटीएवढं यंत्र बांधतात. पट्टीच्या दोन मीटर अलीकडून निघायचं आणि दोन मीटर पलीकडे जाऊन थांबायचं, म्हणजे निघतानाची चाचपड आणि थांबतानाची ढिलाई मोजणीत येत नाही. हे मला पटलं. पोरगी कामाची आहे. मी तिला मनातल्या मनात मोजणीवाली म्हणतो.

"काका, नेहमीसारखं चाला," ती म्हणाली.

घोळ इथेच झाला. नेहमीसारखं कसं चालतात, तेच मला त्या क्षणी आठवेना. हात कुठे असतात माझे एरवी? मग तिने शंभरातून सात-सात वजा करत चालायला लावलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. बहात्तरला मी चक्क उभा राहिलो.

"थांबू नका, काका."

"अगं, पण हिशोब चुकेल."

"चुकू दे."

असं मला उभ्या आयुष्यात कुणी सांगितलेलं नाही.

वेग सेकंदाला एक मीटर आठ सेंटिमीटर. "तुमच्या वयाला छान आहे." तुमच्या वयाला! पुढची मोजणी तीन महिन्यांनी.

घरी येऊन हिला सांगितलं, आठ सेंटिमीटर कमी झाले. "पँट ढगळ झाली असेल, अडकत असेल पायात," म्हणाली. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसली आहे ही. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत शिक्का मारून मोकळी.

५ मार्च, गुरुवार

ठरलं. रोज सकाळी तलावापर्यंत आणि परत. जून उजाडेपर्यंत वेग एक-वीसवर न्यायचा.

पण सुधारणा झाली हे कळायचं कसं? घड्याळ लावून चाललो की मी नेहमीसारखा चालत नाही, हे त्या पट्टीवर कळलंच. मोजणीत असं असतं की सगळं हललं तरी एक खूण पक्की धरावी लागते. तिच्यापासून बाकीचं मोजायचं. मी हिला धरलंय. चाळीस वर्षं ही माझ्यापुढे चालत आली आहे. लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात गेलो तेव्हापासून मला हिची पाठच दिसते. "अहो, या की लवकर," हे तिने मला जितक्या वेळा म्हटलंय तितक्या वेळा माझं नावसुद्धा घेतलं नसेल. तिला गाठलं म्हणजे मी सुधारलो.

तिला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुद्दाम पळेल.

१६ मार्च, सोमवार

आज वाचनालयापर्यंत बरोबरीने! मी तिच्या खांद्याला खांदा. पुढे उगाच भाव खाऊन थोडा मागे राहिलो.

२ एप्रिल, गुरुवार

तलावाच्या फाटकाशी मी आधी पोचलो. ती आली तेव्हा मी बाकावर बसून बूट झटकत होतो. "या की लवकर," मी म्हणालो. ती हसली नाही. सरळ फाटकाशेजारच्या स्वच्छतागृहाकडे गेली. परत येऊन म्हणाली, "चला घरी."

जिंकायची सवय असलेल्या माणसाला हरणं जड जातं. समजू शकतो.

१९ एप्रिल, रविवार

मन थाऱ्यावर नाही. वेग वाढतोय, पण घरात काहीतरी बिनसलंय.

बुधवारी दुपारी ही पत्ते खेळायला जायची, पोस्टातल्या जुन्या मैत्रिणीकडे. तीन आठवडे झाले, गेलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "त्यांच्याकडे जिना फार आहे." दोनच मजले आहेत. भांडण झालं असणार, आणि हिने काहीतरी झणझणीत बोलून ठेवलं असणार. आमच्या मुलीने दुसऱ्या शहरातून फोन केला, सुट्टीत या म्हणाली, त्यालाही नाही. बसचा सहा तासांचा प्रवास नको म्हणे. पूर्वी हीच खिडकीपाशी बसून सहा तास शेंगदाणे खायची.

चपला फरफटवत चालते. सगळ्या घरात खर्र खर्र आवाज. मला वाटतं माप चुकलं असावं, म्हणून नव्या आणल्या, अर्ध्या नंबराने लहान. त्याही तशाच फरफटवते. बहुधा मला चिडवायला.

८ मे, शुक्रवार

आता मी वाचनालयाच्या कोपऱ्यावर पोचून मागे वळून बघतो, तर ती अजून औषधाच्या दुकानाशी असते. मध्ये शंभर पावलं तरी. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी हे! मी आजवर स्वतःला कमी लेखत आलो.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबते, उंबरठ्याकडे बघत. "काय विसरलीस?" विचारलं. "तेच आठवतेय." गॅसवर दूध ठेवलेलं होतं, ते उतू गेलं. माझ्या मोजणीचा विषय काढला की खोलीतून उठून जाते. एवढं लावून घ्यायचं का?

९ जून, मंगळवार

यंत्र बिघडलंय. दुसरं काय म्हणणार?

एक मीटर सात सेंटिमीटर. पाऊल अडुसष्ट. तीन महिने घाम गाळला आणि आकडा तिथल्या तिथे. मी मोजणीवालीला स्पष्ट सांगितलं, तुमची पट्टी तपासून घ्या. तिने माझ्यासमोर स्वतः चालून दाखवलं, मग दुसऱ्या टोकाकडून चालून दाखवलं. दोन्हीकडून सारखं. उलट मोजणी करून पडताळायची पद्धत मीच लोकांना शिकवायचो, त्यामुळे बोलायला जागा राहिली नाही.

"पण मी घरी पुढे गेलोय, त्याचं काय?"

"कुणाच्या पुढे, काका?"

"बायकोच्या. चाळीस वर्षं ती पुढे असायची. आता मी शंभर पावलांनी पुढे असतो."

तिने पेन खाली ठेवलं. "तीन महिन्यांत शंभर पावलं?"

"बघा ना!" मी म्हणालो.

मग ती काही वेगळंच विचारत बसली. काकू पडल्या आहेत का मध्ये? वळताना थांबतात का? शेवटी म्हणाली, "काकूंना एकदा इकडे घेऊन याल?"

त्यांना माणसं कमी पडत असतील. पण ही काय येतेय! मोजणीचं नाव काढलं तरी उठून जाते.

१० जून, बुधवार

सकाळी एकटाच गेलो. ट्रंकेतून जुनी फीत काढली होती, घड्याळ घेतलं होतं. वाचनालयापासून तलावाच्या फाटकापर्यंतचा सरळ रस्ता फीत लावून मोजला. लोक बघत होते, बघू देत. चारशे बारा मीटर. मग नेहमीसारखा चाललो. सहा मिनिटं पंचवीस सेकंद. उलट चाललो. सहा मिनिटं सव्वीस.

बाकावर बसून भागाकार केला. एक-शून्य-सात.

मी हललो नव्हतो. खूण हलली होती.

बसून राहिलो. उठवेना. चपलांचा आवाज, बुधवारचे पत्ते, बसचा प्रवास, उंबरठा, फाटकाशेजारचं स्वच्छतागृह. सगळं माझ्या हातच्या अक्षरात या वहीत आहे. मागची पानं वाचवत नाहीत. "जिंकायची सवय असलेल्या माणसाला हरणं जड जातं." हे मी लिहिलं. बूट झटकत.

११ जून, गुरुवार

चहाच्या वेळी विचारलं. शब्द जुळवून ठेवले होते, ते ऐनवेळी पळाले. एवढंच विचारलं, "पायांना काय होतंय तुझ्या?"

तिने कप खाली ठेवला. "कळलं का एकदाचं?"

"केव्हापासून?"

"दिवाळखोरासारखं तोंड पाडून बसू नका आधी. दीड वर्ष झालं असेल. आधी वळताना. मग पाय उचलतच नाहीत, जमिनीला कुणी डिंक लावल्यासारखे. आणि ते दुसरं." ती कपाच्या कानाशी बोटाने खेळत राहिली. "घाईचं. आलं की आलं. जिना चढेपर्यंत दम निघत नाही, अहो. एकदा पत्त्यांना गेले तर त्यांच्या जिन्यातच... मग मी तिकडे जाणं सोडलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला मोजलं असतं."

मी कपाखालची बशी सरळ केली.

"आणि तुम्ही इतके खूश होतात. रोज सकाळी त्या कोपऱ्यावर उभे राहून मागे बघायचात, शाळेत पहिला आलेल्या पोरासारखे. म्हटलं, होऊ दे. एक जण तरी खूश आहे घरात."

तिच्यावर रागावताही येत नव्हतं. स्वतःवर रागावून भागत नव्हतं. मी उठून कप विसळले. तेही नीट विसळले नव्हते म्हणून तिने पुन्हा विसळले.

२५ जून, गुरुवार

ही पट्टीवर चालली.

मोजणीवाली माझ्याशी बोलते त्याहून तिच्याशी फार गोड बोलली. "काकू, घाई नाही, मी शेजारीच आहे." मी भिंतीलगतच्या खुर्चीवर. पडद्यावर प्रत्येक पाऊल उमटतं, टाच आधी, मग चवडा. माझ्या पावलांचे ठसे मी पाहिलेत: लांब, एका रांगेत. हिचे आखूड, दोन्ही पाय फाकलेले, आणि टाच-चवडा एकदमच टेकलेला. जणू कुणी होडीत चालतंय. वेग शून्य पूर्णांक बावन्न. पाऊल चौतीस सेंटिमीटर. टोकाला वळायला नऊ पावलं.

मोजणीवाली आकडे वाचत नव्हती. वाचायची गरज नव्हती, मला पडदा दिसत होता.

"पास का नापास?" हिने विचारलं.

"इथे पास-नापास नसतं, काकू."

"मग एवढा अभ्यास कशाला करून घेतलात यांच्याकडून?"

मोजणीवाली हसली आणि पाठ फिरवून मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला.

रात्री जेवण झाल्यावर मुलीला कळवलं. तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज तिच्याबरोबर चालत होतात ना?"

हो म्हणालो. बरोबर नव्हतो, पुढे होतो, हे सांगितलं नाही.

६ जुलै, सोमवार

डॉक्टरांनी मेंदूचं चित्र उजेडावर धरलं. मधोमध दोन काळे पोकळ भाग, फुलपाखराच्या पंखांसारखे. असायला हवेत त्याहून मोठे. मेंदूत पाणी सतत तयार होतं आणि सतत जिरतं. हिचं पुरेसं जिरत नाही. साठलेलं पाणी आतून दाबतंय. पाय, लघवी आणि विसरणं, तिन्ही त्यातूनच.

"म्हणजे गळती नाही, तुंबलंय," ही म्हणाली.

"अगदी तसं," डॉक्टर म्हणाले.

उपाय आहे. डोक्यातून पोटात एक बारीक नळी घालायची, कातडीखालून, जास्तीचं पाणी तिकडे जिरतं. पण हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, आणि डोक्याला भोक पाडायचं म्हणजे रक्तस्राव, जंतू, सगळी भीती. म्हणून आधी परीक्षा: पाठीत सुई घालून थोडं पाणी काढायचं, आणि चालणं मोजायचं. काढण्याआधी, नंतर, आणि दुसऱ्या दिवशी. चालणं सुधारलं तर नळीचा उपयोग होण्याची शक्यता बरीच. नाही सुधारलं तर विचार करावा लागेल.

म्हणजे सगळं आकड्यावर. मला हायसं वाटलं. आकडा मला कळतो.

१४ जुलै, मंगळवार

सुईच्या वेळी तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं, अजून लाल आहे. सुईआधी दहा मीटरला एकवीस सेकंद. तीन तासांनी वीस. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाला दुसऱ्या दिवशी फरक दिसतो. इस्पितळात राहायला ही तयार नाही, तिथलं स्वच्छतागृह लांब. तेव्हा मोजणीवाली म्हणाली, उद्या सकाळी घरीच मोजा, काका, तुम्ही तर मोजणीदारच. तीनदा मोजा आणि कळवा.

इमारतीच्या व्हरांड्यात फीत लावून दहा मीटरच्या खुणा करून ठेवल्यात, खडूने. अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर जास्तीचे. सारखा उठून खुणा बघून येतोय, जणू कुणी हलवणार आहे.

१५ जुलै, बुधवार

पंधरा. पंधरा. चौदा!

फोनवर मोजणीवालीचा आवाजसुद्धा बदलला. डॉक्टर म्हणाले, उत्तम, शस्त्रक्रियेची तारीख बघू. मुलगी फोनवर रडली. ही म्हणाली, "मला तर फार काही वेगळं वाटत नाही. थोडं हलकं वाटतंय इतकंच."

"आकडा खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

१७ जुलै, शुक्रवार

दोन दिवस मला चैन नाही. घरात येरझाऱ्या घालतोय. ही दोनदा म्हणाली, बसा एका जागी.

लिहून टाकतो. ती शेवटच्या खडूच्या रेघेजवळ आली, आणि माझा अंगठा घड्याळावर होता. तिचा पाय रेघेवर पडला तेव्हा मी दाबलं, की पडणार असं दिसलं तेव्हा दाबलं? मला माहीत नाही. माहीत आहे. तिसऱ्या वेळी तर मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, पायाकडे नाहीच. एकतीस वर्षांत एका शेताचा बांध मी बोटभर सरकवला नाही. समोर लोक काठ्या घेऊन उभे असायचे, दोन्ही बाजूंचे, तरी नाही. आणि आता बायकोच्या डोक्याला भोक पाडायचा निर्णय माझ्या अंगठ्यावर.

न सांगता राहिलो तर कुणालाच कळणार नाही. आणि शस्त्रक्रियेने ती बरी झाली तर प्रश्नच मिटला. नाही झाली तर? टेबलावरच काही झालं तर?

संध्याकाळी मोजणीवालीला फोन केला.

"काका, मी तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवते."

"ठेवू नका," मी म्हणालो. "नवऱ्याने मोजलंय. मोजणीदाराने नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग ती म्हणाली, आता सुईचा परिणाम ओसरला असेल, पुन्हा मोजून उपयोग नाही. पुन्हा सुई घ्यावी लागेल. डॉक्टरांशी बोलते.

हिला सांगणं बाकी होतं. सांगितलं. तिने चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या अंगठ्यापायी माझ्या पाठीत पुन्हा सुई?"

"हो."

"लाज वाटते का?"

"हो."

"वाटायलाच हवी," ती म्हणाली. चष्मा पुसून परत घातला आणि वर्तमानपत्र उघडलं. पान उलटून झाल्यावर, माझ्याकडे न बघता: "सांगितलंत ते बरं केलंत. या खेपेला रात्रभर राहते इस्पितळात. संडासाजवळची खाट द्या म्हणावं."

२९ जुलै, बुधवार

काल सुई. आज सकाळी मोजणीवालीने स्वतः मोजलं, मला खोलीबाहेर बसवून. बंद दाराकडे बघत मी किती वेळ बसलो सांगता येत नाही. घड्याळ घरी ठेवून गेलो होतो.

दहा मीटरला साडेसोळा सेकंद. पट्टीवर शून्य पूर्णांक बासष्ट. वळायला सहा पावलं.

म्हणजे फरक आहे. माझा अंगठा दीड-दोन सेकंद खोटं बोलला, पण दिशा खरी होती.

डॉक्टरांनी फायदे सांगितले, तोटे सांगितले, वय सदुसष्ट हेही सांगितलं. बहुतेकांना फरक पडतो. किती पडेल, किती टिकेल, सांगता येत नाही. विचार करून कळवा. मी आकड्यांचा कागद हातात धरून बसलो. ही म्हणाली, "तो कागद ठेवा खाली. तुम्हाला काय वाटतं?"

मला भीती वाटते, हे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तू म्हणशील तसं."

"मला काय हवंय सांगू?" ती डॉक्टरांना म्हणाली. "मला संडासात कडी लावून बसायचंय. बाहेर कुणी उभं न राहता. त्यासाठी डोकं उघडावं लागत असेल तर उघडा."

डॉक्टरांनी हे वहीत लिहून घेतलं. मी पाहिलं, जसंच्या तसं लिहिलं.

१८ ऑगस्ट, मंगळवार

आत नेलंय. मुलगी शेजारी आहे, माझा हात धरून. आत जाताना हिने सांगितलं की खालच्या कप्प्यातल्या जुन्या साड्या मोजणीवालीला दाखवा, आवडली तर एखादी घेऊ दे. आणि गॅसचा नंबर कुठे लिहिलाय. आणि दूधवाल्याला दोन दिवस नको म्हणून सांगा. असं बोलत बोलत दारापलीकडे गेली. मी हात वर केला, तो तिने पाहिला की नाही.

समोरच्या भिंतीला छत्तीस फरशा आहेत.

नंतर: बाहेर आणली. बोलली. "दूधवाल्याला सांगितलंत का?"

२० ऑगस्ट, गुरुवार

डोक्याच्या उजव्या बाजूचे केस काढलेत, कानामागे टाके. परिचारिकेने उठवून उभं केलं. चार पावलं. फरफटत. मी मुलीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. डॉक्टर म्हणतात, लगेच काही ठरवू नका, आठवडे लागतात.

मुलगी बाहेर जाऊन चहा घेऊन आली. "बाबा, त्या दिवशी फोनवर मी जे बोलले..."

"खरं बोललीस," मी म्हणालो. "मी पुढे चालत होतो."

३० सप्टेंबर, बुधवार

सहा आठवड्यांनी पट्टी. शून्य पूर्णांक त्र्याऐंशी. पाऊल एकोणपन्नास. ठशांत टाच वेगळी दिसते आता, चवडा वेगळा. मोजणीवालीने टाळी वाजवली, मग स्वतःच लाजली.

पण आठवण आहे तिथेच आहे. "ही मुलगी फार छान आहे, नवीन आहे का?" हिने परतताना विचारलं. सहाव्यांदा भेटली होती तिला. डॉक्टर म्हणाले, पाय आधी सुधारतात. विसरणं किती मागे हटेल, हटेल का, बघावं लागेल. नळी कधी तुंबूही शकते, मग पुन्हा बघावं लागेल. सगळं बघावंच लागेल. मला एक तारीख हवी होती, एक आकडा. ते कुणाकडेच नाही.

कडी मात्र लागते. आतून. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहतो, लांब.

११ ऑक्टोबर, रविवार

पडलो. ती नाही, मी.

सकाळी बाजाराच्या रस्त्याने जात होतो. हल्ली मी तिच्या अर्धं पाऊल मागे चालतो, तिच्या टाचांवर डोळा ठेवून. टाच आधी टेकतेय का, डावा पाय ओढतोय का, आज कालपेक्षा बरं की वाईट. तिला कळत नाही असं मला वाटायचं. फुटपाथची कड संपली ते मला दिसलंच नाही. पाय हवेत गेला आणि मी दोन्ही तळव्यांवर रस्त्यात आडवा.

ही गर्रकन वळली. पडल्या पडल्यासुद्धा मी मोजलं: तीन पावलं. मग माझ्याकडे आली, कमरेवर हात ठेवून. माणसं जमली. कुणी पाणी, कुणी रिक्षा, कुणी म्हणे यांना चक्कर आली.

"चक्कर नाही," तिने पोस्टाच्या खिडकीतल्या आवाजात जाहीर केलं. "दुसऱ्याच्या पायांकडे बघत चालतात. सरका, हवा येऊ द्या."

मला उठवताना तिचा हात काखेत होता. मला वाटलं मी तिला पाडणार. नाही पाडलं.

घरी तिने तळवे धुतले, खडे काढले, औषध लावलं. झोंबलं तेव्हा फुंकर घातली नाही, मुद्दाम. "उद्यापासून माझ्या टाचांकडे बघायचं नाही," म्हणाली. "शेजारी चालायचं आणि बोलायचं. नाहीतर मी एकटी जाईन."

"काय बोलू?"

"चाळीस वर्षं झाली, आता विचारताय?"

मी तिच्याकडे बघितलं. कानामागचे केस कापसासारखे उगवतायत. आणि मी जे जूनमध्येच विचारायला हवं होतं ते विचारलं. केव्हापासून नाही, किती नाही. "कसं वाटायचं गं तुला? त्या दिवसांत?"

ती पट्टी बांधता बांधता थांबली. मग सांगू लागली. औषधाच्या दुकानासमोर रस्ता ओलांडताना एकदा पाय उचललेच गेले नव्हते. मधोमध उभी. दोन्हीकडून भोंगे. ती पायांना मनातल्या मनात सांगत होती, चला रे बाबांनो, लोक थांबलेत. शेवटी भाजीची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई आली, काही न विचारता हिचा कोपर धरला आणि गाणं गुणगुणत पलीकडे घेऊन गेली, आणि त्या गुणगुणण्यावर पाय उचलले गेले. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. घरी येऊन हिने अंघोळीच्या खोलीत नळ सोडून रडून घेतलं, आणि बाहेर आली तर मी वेगाबद्दल काहीतरी सांगत होतो.

हे सांगून झालं. चहा झाला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगितलंच नाही मी. औषधाच्या दुकानासमोर एकदा..."

मी खुर्ची जवळ ओढली. या वेळी त्या बाईच्या पिशवीत भाजी नव्हती, फुलं होती.